बिनचूक

छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या ताईकडे धाकट्या भावाने क्रांतीचं पहिलं पत्रक आणलं. "‘स्वातंत्र्य’ चुकलंय, खाली पुढाऱ्यांत तुझ्या भावोजींचं नावसुद्धा चुकलंय, आणि निघाला क्रांती करायला!" ती म्हणाली.

तो हसला. "माणसं मोकळी झाली की झालं, ताई. काना-वेलांट्या तू बघ."

राज्य उलथलं, भाऊ समितीचा चिटणीस झाला, आणि पत्रकांऐवजी फितुरांच्या याद्या येऊ लागल्या. आजची यादी टेबलावर ठेवत तो म्हणाला, "नीट तपास हं. एका वेलांटीपायी भलताच माणूस फासावर जायचा."

थकल्या डोळ्यांनी ती लाल पेन्सिल फिरवत गेली. चुकांचा नेहमीसारखाच सुकाळ होता.

 

भावोजींचं नाव तेवढं त्याने जन्मात पहिल्यांदा बिनचूक लिहिलं होतं.