तापलेली ग्वाग्वा

दाराची साखळी न काढताच मिलाग्रोसने फटीतून पाहिले. वरच्या मजल्यावरचा नवा इक्वेडोरी भाडेकरू कोट छातीशी आवळून उभा होता. ‘तोही तुमच्यासारखाच स्पॅनिश,’ अमेरिकन घरमालक म्हणाला होता. पण जिन्यात फोनवर हा कुजबुजे, ‘ग्वाग्वा दिवसा झोपते, रात्री जागते.’ तिच्या दोमिनिकन बोलीत ग्वाग्वा म्हणजे बस. रात्रीच्या बसने माणसे पळवणारा दलाल असावा, नाहीतर पोलिसांचा खबऱ्या. आणि तिचा भाचा कागदपत्रांविना घरात राहत होता. ‘मावशी, ग्वाग्वा फार तापलीय,’ भाडेकरू म्हणाला. ‘मग गॅरेजात ने.’ ‘औषध हवं होतं थोडं.’ ‘बसला औषध? मला काय दुधखुळी समजलास?’ त्याने गोंधळून कोट उघडला. आत तापाने लालबुंद तान्हे बाळ होते; त्याच्या बोलीतली ग्वाग्वा ती हीच. साखळी काढण्यासाठी तिने दार लावले, तशी बाहेरची पावले जिन्याकडे वळली. ‘अरे थांब,’ ती ओरडली, ‘ग्वाग्वाला आत आण.’