टेबलावरचा टँकर

कल्पना करा, टँकर जतच्या रस्त्यावर धावतो आहे आणि त्याच्या वेगाचा काटा इकडे कुपवाडला, एका टेबलावर हलतो आहे.

जैनुद्दीनच्या गॅरेजात हे रोज घडत होतं. बाळासोंचा पाण्याचा टँकर मध्येच बंद पडायचा. दुखणं सापडेना, म्हणून जैनुद्दीनने टँकरमध्ये एक छोटा कॉम्प्युटर बसवला आणि नेटवरून आपल्या कॉम्प्युटरशी जोडला. आपल्या त्याच कॉम्प्युटरला टेबलावर तशाच गाडीचा भंगारातला डॅशबोर्ड आणि स्टेअरिंग लावलं.

"गाडीच्या वायरीवर सगळे भाग बोलत असतात," त्याने सहावीतल्या लेकीला, रुमानाला सांगितलं होतं. "ब्रेक म्हणतो, मला दाबलं. हॉर्न म्हणतो, मला दाबलं."

"कोण बोललं ते कसं कळतं, अब्बा?"

"कोण ते न्हाई कळत. काय बोललं, तेवढंच."

शाळा सुटली की रुमाना त्या स्टेअरिंगपुढे बसायची. काटा चाळीसवर गेला की वळण घ्यायची. मनातल्या मेंढ्या आडव्या आल्या की हॉर्न दाबायची. टेबलावर भोंगा नव्हता, म्हणून तोंडानेच 'पीं' करायची.

शुक्रवारी सहाच्या सुमाराला बाळासोंचा फोन आला. जैनुद्दीनने स्पीकर लावला.

"जैनूभाई, आमच्या ड्रायव्हरनं आज मेंढरांत हॉर्न बडवला. मेंढरं बुजली, म्हातारा धनगर पडला. समदं गाव जमलंय. आन ह्यो नाथाजी म्हणतोय, हातच लावला न्हाई."

"न्हाई लावला, मालक," मागून नाथाजीचा आवाज आला. "फौजेत वीस वर्सं गाडी चालवली. खोटं कशाला बोलू?"

"परवाबी शाळंपुढं वाजवलास. पिऊन बसतोस व्हय रं?"

कुणीतरी हसलं.

"थांबा, कॉम्प्युटरातली नोंद बघू," जैनुद्दीन म्हणाला. "रुमाना, वाच गं."

रुमानाने ऐटीत वाचलं, "पाच वाजून दहा मिनिटं. हॉर्न, तीन वेळा."

"ऐकलंस रं नाथाजी? आता मशीनबी खोटं बोलतंय व्हय? उतर खाली. उद्यापासनं दुसरा बघतो."

केबिनचं दार लागल्याचा आवाज आला.

"लागला आसंल हात," नाथाजी हळूच म्हणाला. "वय झालं, मालक. माफी करा."

रुमानाची मान खाली गेली.

"तुला काय झालं?" जैनुद्दीनने विचारलं. "तू नुसतं वाचलंस, पोरी."

तिने डॅशबोर्डकडे पाहिलं. टेबलावर वेगाचा काटा शून्यावर होता. इंजिनाचा काटा मात्र अजून थरथरत होता.

"काका," तिने फोनजवळ जाऊन विचारलं, "केबिनमध्ये आता कोण हाय?"

"कुणीबी न्हाई. समदी खालीच हुबी हाईत. का गं?"

रुमानाने हात पुढे केला आणि टेबलावरचा हॉर्न दाबून धरला. या वेळी तिने तोंडाने 'पीं' केलं नाही. टँकरचा भोंगा फोनमधून ऐकू आला, आणि तिने हात काढेपर्यंत तो थांबला नाही.