शामरावांचा जाझ

साठ साली रायपुरात जाझ वाजवणाऱ्यांपैकी आता शामरावच तेवढे उरले होते. मरण्याआधी आपलं नाव एकदा तरी पुस्तकात छापून यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. जुन्या जॅझवर पुस्तक लिहिणारी मंजिरी पुण्याहून त्यांच्या पंडरी मोहल्ल्यातल्या घरी आली, तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

"आजोबा, तुमच्या जॅझमध्ये किती जण होते?"

"चार. मोठा पायापाशी राहे, लाथ मारल्याबिगर आवाज काढत नव्हता. बाकी तिघायले छडी पुरे. पावसाळ्यात चामडी ढिली पडली का सगळ्यायले शेकोटीवर शेकत होतो."

"आणि कुणी काही बोललं नाही?"

"बोलत होते ना. सदर बाजार दणाणून जाये."

मंजिरीनं डोळे पुसले आणि सगळं लिहून घेतलं.

पुस्तक आलं. 'कलावंतांचा छळ' या प्रकरणात शामरावांचं नाव ठळक अक्षरांत होतं. शामरावांच्या बायकोनं, अंजनाबाईंनी कपाळावर हात मारला.

"अवो, आपले बँडवाले ड्रमच्या सेटलेच जाझ म्हणतेत, हे त्या पोट्टीले सांगतलं काहून नाही?"

शामरावांनी चष्मा पुसून तेच पान पुन्हा उघडलं.



"सांगतलं असतं, तं नाव छापलं असतं काय?"