कॉलरवरचा दिवा

कंपवाताने निमकरांचा चेहरा तीन वर्षांपूर्वी गोठला. मनातलं कुणाला कळेना, म्हणून दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी त्यांच्या कॉलरवर मेंदूशी जोडलेला दिवा लावून दिला. आनंद झाला की हिरवा, दुःख झालं की निळा. पत्त्यांच्या अड्ड्यावर मात्र त्या दिव्यापायी ते रोज हरत.

आज तीन दश्शा निमकरांनी ओढल्या होत्या. चौथी शेख मास्तरांच्या हातात होती. तीही गेली की मास्तरांवर मेंढीकोट. हुकमाचा एक्का निमकरांकडे तर नसेल? मास्तर दिव्याकडे टक लावून बसले.

दिवा हळूहळू निळा झाला. मास्तरांनी हसत दश्शी टाकली.

निमकरांनी तिच्यावर एक्का ठेवला.

"अहो, एक्का असताना दिवा निळा कसा?"

"विमल गेली तो दिवस आठवला."

"म्हणजे वहिनींच्या नावावर फसवलंत मला!" मास्तर पत्ते पिसू लागले. मग त्यांनी वर पाहिलं. दिवा निळाच होता. "आता पुरे की नाटक."

"डाव संपलाय, मास्तर. आता मी काहीच करत नाहीये."

मास्तरांनी पिसलेले पत्ते न वाटताच खाली ठेवले.