डेल्बर्ट स्टॅम्परचं पिंप

“माझं पिंप विकलंत? माझं?”

डेल्बर्ट स्टॅम्परचा आवाज टर्पिन डिस्टिलरीच्या अंगणात घुमला. बाटलीसाठी रांगेत उभी असलेली माणसं माना वळवून बघू लागली.

ओपल टर्पिन दारात उभी होती. आजोबांनी सुरू केलेली ही डिस्टिलरी आता तीच चालवत होती. “चूक झाली, डेल्बर्ट,” ती म्हणाली. “माल कमी पडला. बाटल्या भरताना तुमचंही पिंप गेलं.”

“गेलं? पिंप काय पाय फुटून गेलं?”

त्या वर्षी केंटकीभर टर्पिन व्हिस्कीची ओरड होती. मागणी एकदम वाढली आणि व्हिस्की काही घाईनं होत नाही, वर्षानुवर्षं पिंपात मुरावी लागते. एका घराला एकच बाटली, असा फलक फाटकावर लागला. लोक शिव्या देत होते, तरी रांग लावत होते. ओपलनं एक शब्द मात्र सगळ्यांना दिला होता. जुन्या गिऱ्हाइकांनी आपापल्या नावानं घेऊन ठेवलेल्या पिंपांना हात लावणार नाही.

डेल्बर्ट चुनखडीच्या खाणीत दगड फोडायचा. मुलगी रेलीन नर्सिंग शिकायला गेली त्या वर्षी त्यानं हे पिंप घेतलं होतं, तिच्या लग्नात फोडायला. टर्पिन सोडून दुसऱ्या व्हिस्कीला तो शिवत नसे. “डॉक्टर म्हणाला, दारू सोड,” तो खाणीत सांगायचा, “म्हणून मी डॉक्टर सोडला.” आता लग्न तोंडावर आलं होतं.

“आमची पिंपं तरी आहेत का जाग्यावर?” रांगेतून कुणीतरी ओरडलं. गलका वाढला. शेवटी ओपलनं गोदाम उघडलं आणि सगळे आत घुसले.

पिंपं होती. जज्जसाहेबांचं होतं, बँकवाल्याचं होतं, पाद्र्याच्या मेव्हण्याचंसुद्धा होतं. स्टॅम्परची जागा तेवढी रिकामी होती.

डेल्बर्टच्या मानेच्या शिरा फुगल्या. “वा, ओपलबाई! जज्जाचं शाबूत, बँकेचं शाबूत. दगडफोड्याचं तेवढं चुकून गेलं. चूकसुद्धा माणूस बघून होते का हो तुमच्यात?”



“अगं, मग दुसरं दे त्याला!” किराणा दुकानवाला होबर्ट म्हणाला. “लग्नघर आहे बिचाऱ्याचं.”

सगळ्यांनी ओपलकडे पाहिलं. ती पहिल्यांदाच गडबडली. तिची नजर रेलीनकडे गेली. रेलीन इतका वेळ बापामागे उभी होती. ती पुढे आली.

“भीक नकोय आम्हाला,” ती म्हणाली. “आमचं होतं ते विकून खाल्लंत. आता तुमचं तुम्हालाच लखलाभ.”

डेल्बर्टचा ऊर भरून आला. “ऐकलंत? माझी पोर आहे ती! आता माझंही ऐका. यापुढे टर्पिनचा एक थेंब माझ्या घशाखाली उतरला तर थू माझ्या जिंदगानीवर!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचे दिवस वाईट गेले. डेल्बर्टला झोप येईना, अन्न जाईना. अंग घामानं निथळायचं, हात थरथरायचे. रेलीन इस्पितळातल्या नोकरीतून रजा टाकून त्याच्या उशाशी बसली. बघायला येणारे म्हणायचे, अपमान फार जिव्हारी लागला हो माणसाच्या.

तो हिंडाफिरायला लागला तेव्हा होबर्टनं दुकानात त्याच्यापुढे दुसऱ्याच व्हिस्कीची बाटली ठेवली. डेल्बर्टनं हुंगून ती परत सरकवली. “घोड्याला पाज. आणि घोडा घर सोडून गेला तर मला बोलू नकोस.”

राग तेवढा धगधगत राहिला. एकदाच, घेवड्याची उसळ आणि मक्याची भाकरी खाता खाता, तो पुटपुटला, “ओपल तरी काय करणार म्हणा. माल नव्हता तिच्याकडे.”

रेलीननं ताटली आपटली. “जज्जाचं पिंप होतं ना, बाबा? विसरलात एवढ्यात?”

डेल्बर्टचं तोंड लाल झालं. तो उठला आणि परसात जाऊन दणादण लाकडं फोडू लागला.

लग्न गोड चहावर झालं, बर्फ घातलेल्या. डेल्बर्ट लेकीबरोबर नाचला आणि एकदाही त्याचा पाय चुकला नाही. पाहुण्यांनी चहाचे पेले उंचावून नवरानवरीला आशीर्वाद दिले आणि ओपलला शिव्या. उन्हाळा सरता सरता, तंबाखू कापायच्या दिवसांपर्यंत टर्पिनच्या फाटकावर कुणीतरी रंगानं ‘चोर’ लिहून गेलं होतं. गावातल्या दुकानांनी तिचा माल ठेवणं बंद केलं. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना. डेल्बर्ट मात्र अंगानं भरला, गालांवर रंग आला. खाणीतले लोक म्हणायचे, संतापानं माणूस तरुण होतो ते असं.

पानगळ सुरू झाली तशी एके दुपारी रेलीन डिस्टिलरीत गेली. फाटकावरचा माणूस तिला पाहून चपापला. ही आता काय तमाशा करते, अशा नजरेनं तो बघत राहिला. ओपलनं तिला काही न बोलता आपल्या घरामागच्या कोठारात नेलं आणि दार लावून घेतलं.

कोपऱ्यातली ताडपत्री तिनं ओढली. खाली पिंप होतं. ‘स्टॅम्पर’ हे नाव तसंच होतं, बूचसुद्धा हललेलं नव्हतं.

“तू म्हणालीस तसं सगळं केलं, पोरी,” ओपल म्हणाली. “पण आता गावात मान वर करून चालवत नाही. सांगू का त्यांना?”

रेलीननं ताडपत्री पुन्हा पिंपावर नीट पसरली.

“एवढ्यात नको, ओपलबाई. काल ते तुम्हाला माफ करायला निघाले होते. मोठ्या मुश्किलीनं थांबवलं.”