उन्हात ठेवलेला चेहरा

रविकांत मास्तरांना कागदातून माणसाचा चेहरा उठवायचा होता, आणि केडगावच्या त्या भाड्याच्या घरात त्यासाठी बसायला बायकोशिवाय होतं कोण? लीनाने तोंडाला खोबरेल चोपडलं, ओठ मिटले. दुष्काळी कामांच्या बातम्यांचा पेपर फाडून मास्तरांनी खळीत भिजवला आणि पट्टीवर पट्टी चिकटवली. डोळे आणि श्वासापुरत्या नाकपुड्या तेवढ्या उघड्या ठेवल्या.

साचा अलगद निघाला. मास्तर तो घेऊन अंगणात उन्हात बसले. लीनाने तोंड धुऊन स्टोवर चहा ठेवला.

आधण यायच्या आतच तिचे गाल तापले. ती स्टोपासून लांब सरकली, तरी कातडी आवळतच गेली. "अहो" म्हणायला गेली, तर ओठ सुटेनात. बोटांनी ओढून पाहिले, तरी सुटेनात.

ती धडपडत दारात आली. मास्तर पाठमोरे होते. वाळून टणक झालेला तिचा चेहरा त्यांच्या मांडीवर होता.

"हुबेहूब आलीस बघ," ते मान न वळवता म्हणाले. "आता भोकं बुजवली की झालं. आधी नाक, डोळे मग."

लीनाने चौकटीवर हात आपटला.

"आलो गं, चहा गाळून ठेव. एक बुजलंय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पुन्हा लगद्यात बोट बुडवलं.