एका रात्रीचं सामान

"तंबू पुढे नको," म्हणत व्लाहोने नेवेन्काच्या हातातून पिशवी काढून घेतली. "मागे."

नेवेन्का बाजूला झाली. इतक्या वर्षांच्या संसारात कयाकमध्ये एक चमचासुद्धा तिने स्वतः ठेवला नव्हता. व्लाहो उन्हाळ्यात पाहुण्यांना कयाक भाड्याने द्यायचा. होडी भरणं हे त्याचं काम, त्यात दुसऱ्याने लुडबुड केलेली त्याला खपत नसे. हलकं सामान टोकांना, जड सामान बसायच्या जागेलगत, आणि प्रत्येक पिशवी आधी हातात धरून तोलायची. ते तोलणंच आज नेवेन्काला नको होतं.

दर सप्टेंबरला पाहुणे परतले की ती शेजारच्या निर्मनुष्य बेटावर एकटी एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत यायची. शिपानवर, त्यांच्या स्वतःच्या बेटावर, कुणाला त्याचं नवल उरलं नव्हतं. म्हणून तर तिने ही वाट निवडली होती. फेरीबोटीने निघाली असती, तर बोटीत पाय ठेवायच्या आत गावभर झालं असतं. कयाककडे कुणी ढुंकूनही बघणार नव्हतं. रात्र बेटावर काढायची आणि सकाळी उत्तरेला वल्हवत समोरच्या मुख्य भूमीवरचं स्लानो गाठायचं. तिथे मैत्रीण गाडी घेऊन थांबणार होती. दूर रिजेका शहरात, एका शाळेच्या स्वयंपाकघरात नेवेन्काला काम मिळालं होतं. ती परत येणार नव्हती.

व्लाहो वाईट नव्हता. त्याने कधी हात उगारला नाही, दारू प्यायला तीही सणासुदीलाच. चारचौघांना पटेल असं एकही कारण तिच्यापाशी नव्हतं. फक्त तो तिला कधी काही विचारत नसे. भिंतींना रंग कुठला, मासे कुणाकडून घ्यायचे, तिच्या म्हाताऱ्या आईला शेवटी कुठल्या खोलीत ठेवायचं, सगळं तोच ठरवायचा आणि बरोबरच ठरवायचा. त्या बरोबर असण्याचा तिला वीट आला होता.

तरी आज तिला भीती वाटत होती. "कुठे चाललीस?" एवढं जरी त्याने विचारलं, तरी आपल्याला खोटं रेटता येणार नाही, हे ती जाणून होती. मग उरलेला जन्म याच बेटावर.

धक्क्याच्या पायरीवर शेजारची येले मावशी सार्डिन साफ करत बसली होती. तिचे हात माशांत होते, पण डोळे होडीवर.

"एका रात्रीला एवढं बोचकं? अगं, लग्न होऊन आले तेव्हा माझ्याकडे याच्या निम्मंसुद्धा नव्हतं!"

"थंडी वाजते हल्ली, मावशी."

"मग नवऱ्याला ने की! फुकटची शेगडी."

व्लाहो हसला नाही. ब्रेड, चीज, टोमॅटो, सुक्या अंजिरांची पुडी, एकेक वस्तू तो आत सरकवत होता. मग त्याने स्लीपिंग बॅग उचलली. तिच्या गुंडाळीत नेवेन्काने आईच्या फोटोंचा जाडजूड अल्बम दडवला होता. व्लाहोने ती तोलली. पुन्हा एकदा तोलली.

"जड आहे."

"पुस्तक आहे आत." चपलेत खडा गेल्यासारखं करून ती खाली वाकली.

"मग ही अगदी मागच्या कप्प्याच्या तोंडाशी ठेवतो. तिथे थेंबभरही पाणी शिरत नाही."

शेवटी त्याने पाण्याच्या दोन बाटल्या टाकल्या आणि हात झटकले.

"एवढंच पाणी?" येले मावशी ओरडली. "अरे, त्या बेटावर विहीर नाही! दरवेळी तर मोठा कॅन कोंबतोस."

"पुरेल."

"तहानेने मारशील पोरीला."

"पुरेल म्हटलं ना, मावशी."

दोन पावलं मागे जाऊन त्याने पाण्यात होडी कशी बसलीय ते पाहिलं. "उद्या सकाळी दक्षिणेचा वारा सुटेल. तुझ्या पाठीवर येईल, म्हणून मागे जास्त भरलंय. सरळ जाईल."

नेवेन्काने नुसती मान डोलावली. वाऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. तो दोन्ही तळव्यांनी मागचं झाकण दाबून बसवत होता, आणि ते बघताना तिला एकाएकी फार वाईट वाटलं. उद्या संध्याकाळी हा धक्क्यावर येऊन उभा राहील. अंधार पडेपर्यंत वाट बघेल.

ती होडीत बसली. व्लाहो गुडघाभर पाण्यात उतरला. त्याने काही विचारलं नव्हतं. त्याचं न विचारणं पहिल्यांदाच तिच्या कामी आलं होतं. सुटले, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

"ओव्हनमध्ये जेवण ठेवलंय," ती म्हणाली.

"बघितलं." होडीचं मागचं टोक त्याने अजून सोडलं नव्हतं. मावशीला ऐकू जाऊ नये म्हणून तो जरा वाकला. "नेवा."

"काय?"

"स्लानोला पोचलीस की होडी किनाऱ्यावर पालथी घालून ठेव. सोमवारच्या बोटीने येऊन मी घेऊन जाईन."